हरता येत असेल, तरच बोली लावा

फोन उघडला की अधूनमधून एक रील समोर येतं. गळ्यात सोन्याची चेन घातलेला कुणीतरी बंद फ्लॅटच्या कुलपाकडे बोट दाखवून सांगतो, बँकेच्या ई-लिलावात हे घर निम्म्या किमतीत मिळतंय, बिल्डरकडे जाताच कशाला. खाली शेकडो प्रतिक्रिया : 'लिंक द्या', 'ट्रॅक्टर मिळेल का', 'नाशिक जिल्ह्यातलं सांगा'. त्या प्रतिक्रिया देणारी मुलं पंचविशीतली आहेत. पहिला पगार, पहिली बचत, द्राक्षांचे हातात उरलेले पैसे. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं : ऑनलाइन लिलाव वाईट नाही, पण त्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याला 'स्वस्त मिळेल' एवढंच सांगणं ही फसवणूक आहे. लिलावात स्वस्त मिळत असेल, तर त्यामागे कारण असतं. ते कारण शोधायचं काम तुमच्यावर ढकललेलं असतं आणि त्याची मजुरी कुणी देत नाही.

खरं तर निफाड तालुक्यातल्या माणसाला लिलाव शिकवायची गरज पडू नये. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत ही दोन्ही नावं देशाला लिलावामुळेच माहीत आहेत. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण आता तो इथल्या मातीचा झालाय. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, काही क्षणांत भाव पुकारला जातो. बघणाऱ्याला वाटतं, किती झटपट. पण तो व्यापारी काय करतो ते नीट पाहा. कांदा हातात घेतो, दाबतो, पत्ती बघतो, ट्रॉलीच्या खालच्या थराचा अंदाज घेतो. आज पुढे किती माल जाणार, गाडीभाडं किती, हे डोक्यात ठेवूनच तो आवारात आलेला असतो. आणि तरीही ट्रॉली खाली केल्यावर वरती एक माल आणि तळाशी दुसराच निघाला, तर तो वांधा काढतो. भावावरून तंटा होतो, वांधा समिती बसते. शेतकऱ्याला भाव पटला नाही, तर तोही ट्रॅक्टर वळवून घरी नेऊ शकतो.

म्हणजे आपल्या आवारातल्या लिलावात तीन सोयी आहेत : माल डोळ्यांनी पाहता येतो, नंतर वांधा काढता येतो आणि नको असेल तर परत फिरता येतं. बँकेच्या ई-लिलावात पहिली सोय अर्धीमुर्धी असते. उरलेल्या दोन नसतातच. आवारात वावरलेला मुलगासुद्धा मोबाइलवर हे विसरतो, कारण पडद्यावर सगळं खरेदीच्या ॲपसारखंच दिसतं. फोटो, किंमत, बटण. फक्त 'परत करा' हा पर्याय तिथे नसतो.

बँकेला खरंच माहीत नसतं?

प्रत्येक लिलाव-नोटिशीत एक ओळ असते : मालमत्ता 'जशी आहे, जिथे आहे' या तत्त्वावर विकली जाईल. सरळ मराठीत अर्थ असा की, घेतल्यावर काहीही निघालं, तरी आमच्याकडे येऊ नका.

माझा राग या ओळीवर आहे. कर्ज देताना बँक काय करते ते आठवा. वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घेते, मूल्यांकन करून घेते, सातबारा, मिळकत पत्रिका, बांधकाम परवानगी, सगळं मागते. एक कागद कमी असला तर चार हेलपाटे घालायला लावते. वर्षानुवर्षं ती फाइल बँकेच्याच कपाटात असते. आणि तीच मालमत्ता विकायची वेळ आली की, बँक म्हणते, आम्हाला ठाऊक नाही, तुम्हीच चौकशी करा.

कायदा इतका निरागस नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांनुसार विक्रीच्या नोटिशीत बँकेला 'ज्ञात असलेले' बोजे नमूद करावे लागतात. सगळी पळवाट त्या 'ज्ञात' शब्दात आहे. चौकशीच केली नाही, तर काही ज्ञात होत नाही. म्हणून नोटिशीत बहुधा 'ज्ञात बोजे : निरंक' असं छापलेलं असतं आणि नवखा माणूस ते 'बोजा नाही' असं वाचतो. या दोन वाक्यांत कधीकधी काही लाखांचं अंतर असतं.

वीजबिलाचं उदाहरण घ्या. आधीच्या मालकाने वीजबिल थकवलं, तर लिलावात घर घेणाऱ्याचा काय दोष? पण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात नेमका हाच प्रश्न निकाली काढला. जुनी थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपन्या नियमांनुसार घालू शकतात आणि 'जशी आहे' तत्त्वावर घेणाऱ्याने अशी देणी आहेत का हे आधी तपासायला हवं, असा त्याचा सारांश. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीची देणी यांनाही हीच सावधगिरी लागू. महावितरणचा ग्राहक क्रमांक मिळवून थकबाकी बघायला पाच मिनिटं लागतात. नगरपंचायतीत घरपट्टीची चौकशी करायला एक सकाळ. बोलीच्या आधी हे करणारा माणूस घाबरट नसतो. तो आवारातल्या व्यापाऱ्यासारखा ट्रॉलीचा तळ बघत असतो.

दुसरी मोठी गोष्ट ताब्याची. नोटिशीत 'सांकेतिक ताबा' आहे की 'प्रत्यक्ष ताबा', हे आधी वाचा. सांकेतिक म्हणजे दारावर बँकेची नोटीस चिकटलेली आहे, पण आत कुटुंब राहतंय. त्यांना बाहेर काढायला बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो, भाडेकरू निघू शकतो. तोवर तुमचे पैसे अडकलेले.

कायदा खरेदीदाराच्या बाजूने नाही, असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्ज फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. तिथे बोली जिंकणाऱ्या सेलीर या कंपनीने १०५.०५ कोटी रुपयांची बोली लावून पूर्ण रक्कम भरली होती. तरीही तिला दिल्लीपर्यंत भांडावं लागलं आणि निकालानंतरही प्रकरण थांबलं नाही, अवमान याचिकेपर्यंत गेलं. त्या कंपनीकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे काय आहे?

घड्याळ कुणासाठी चालतं

पूर्वी बाजारात 'हत्ता' पद्धत होती. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. विकणाऱ्याला काहीच कळत नसे, म्हणून ती पद्धत जाऊन उघड लिलाव आले. ई-लिलावाच्या पडद्यावर तो रुमाल वेगळ्या रूपात परत आलाय. समोर कोण बोली लावतंय हे बहुतेक वेळा दिसत नाही. तो रोज दहा लिलाव करणारा दलाल आहे, शेजारचा प्लॉटवाला आहे की तुमच्यासारखाच नवखा, काही कळत नाही. दिसतो फक्त आकडा आणि उलटं धावणारं घड्याळ.

शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली वाढवली की, वेळ आपोआप वाढते. ही सोय चांगली आहे. शेवटच्या सेकंदाला बोली टाकून इतरांना चकवण्याची युक्ती इथे चालत नाही, आणि रील्समध्ये ती शिकवणाऱ्याने असा एकही लिलाव नीट पाहिलेला नसतो. पण या सोयीची दुसरी बाजू अशी की, वाद दहा-दहा हजारांनी वाढत राहतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, इतकं आलोय तर आणखी दहा हजारांनी काय होतंय. वीस वेळा असं वाटलं की, दोन लाख होतात.

लिलाव जिंकणं म्हणजे नेमकं काय, हे एका जुन्या प्रयोगातून छान कळतं. १९८३ मध्ये बेझरमन आणि सॅम्युएलसन या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांसमोर नाण्यांनी भरलेल्या बरण्या ठेवून त्यांचा लिलाव केला. प्रत्येक बरणीत ८ डॉलर होते, पण ते कुणाला माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता ५.१३ डॉलर, म्हणजे बहुतेक जण सावधच होते. पण जिंकणाऱ्या बोल्यांची सरासरी निघाली १०.०१ डॉलर. गर्दी शहाणी होती, जिंकणारा फसला. कारण साधं आहे : लिलाव सर्वांत अचूक अंदाज करणाऱ्याला माल देत नाही, सर्वांत जास्त चुकलेल्याला देतो. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या पट्ट्यांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांचं हेच झालं होतं. तिथल्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये ते मांडलं आणि अर्थशास्त्रात त्याला 'विजेत्याचा शाप' हे नाव रूढ झालं.

याचा व्यवहारातला धडा दोन ओळींचा. बोली लावणारे जितके जास्त, तितका तुमचा आकडा खाली आणा, वर नेऊ नका. आणि एखादी मालमत्ता तीन वेळा लिलावात येऊन विकली गेली नसेल, तर ती 'अजून कुणाच्या नजरेत आलेली नाही' असं समजू नका. नजरेत आली होती, पाहणारे निघून गेले.

इतिहासात याहून मोठा नवखा खरेदीदारही आहे. सन १९३ मध्ये रोमच्या अंगरक्षक सैन्याने सम्राटाला मारलं आणि साम्राज्यच लिलावात काढलं. दिदियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंताने दर सैनिकाला २५,००० सेस्टर्स देऊ करून बोली जिंकली. ६६ दिवसांत त्याचा खून झाला. गादीचा ताबा प्रत्यक्ष होता की सांकेतिक, हे त्याने विचारलं नव्हतं.

आयपीएलचा लिलाव तुम्ही पाहता ना? नोव्हेंबर २०२४ मध्ये ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याच लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती, ते कुणी बोलत नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत मालकांनाही स्वतःच्या उत्साहापासून वाचवायला वरून दोरी बांधावी लागते. तुमची दोरी तुम्हीच बांधायची आहे, आणि ती लिलावाच्या आदल्या दिवशी.

आकडा कसा काढायचा

समजा, निफाडमध्ये एक लहान रो-हाउस आहे. कटकट नसलेलं, ताबा मिळणारं तसंच घर बाजारात ३० लाखांना मिळतं. लिलावाची राखीव किंमत २२ लाख. रील म्हणतं, आठ लाखांचा फायदा.

आता पाटी घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बाजूला ठेवा, ती नेहमीच्या खरेदीतही द्यावीच लागते. फक्त लिलावामुळे येणारा खर्च मोजा. थकलेली वीज आणि घरपट्टी ८० हजार. वर्षभर बंद घराची डागडुजी दीड लाख. वकील, कागद, ताब्यासाठी हेलपाटे एक लाख. ताबा मिळेपर्यंत एक वर्ष गेलं, तर २४ लाखांवर दहा टक्क्यांनी २ लाख ४० हजार. एकूण ५ लाख ७० हजार. उरले २४ लाख ३० हजार. प्रकरण कोर्टात गेलंच तर, म्हणून आणखी १ लाख ३० हजार कमी करा. तुमचा शेवटचा आकडा २३ लाख. म्हणजे राखीव किमतीच्या वर तुमच्याकडे एका लाखाची जागा आहे. आठ लाखांचा फायदा कुठे गेला? तो फायदा नव्हताच, जोखमीची किंमत होती.

हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमचे वेगळे येतील. पण रीत हीच. अखेरचा आकडा कागदावर लिहा, घरातल्या एका माणसाला दाखवा आणि लिलावाच्या वेळी त्याला शेजारी बसवा. आई असेल तर उत्तम. घड्याळाला न घाबरणारं घरातलं माणूस बहुधा तीच असते.

दुसरा हिशेब रोखीचा. सरफेसीच्या नियमांनुसार बोली जिंकल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते, आधी भरलेली अनामत त्यात धरून. वरच्या उदाहरणात ते ५ लाख ७५ हजार होतात. उरलेले १७ लाख २५ हजार विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी संमतीने वाढू शकते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. 'गृहकर्ज काढू' असं म्हणणाऱ्याने विचारून पाहावं : ताबा न मिळालेल्या घरावर पंधरा दिवसांत कोण कर्ज मंजूर करतं?

भरले नाहीत तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलु प्रकरणात याचं उत्तर दिलं. खरेदीदाराने १२.२७ कोटींची बोली लावून २५ टक्के, म्हणजे तीन कोटींहून जास्त भरले होते. उरलेले जमले नाहीत. उच्च न्यायालयाने त्यातला काही भाग परत द्यायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बँकेने पूर्ण रक्कम जप्त करणं वैध ठरलं. बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं, हा प्रश्न तिथे गैरलागू मानला गेला. बोलीचं बटण दाबणं म्हणजे सही करणं आहे, हे इतक्या स्पष्टपणे कुणीही रीलमध्ये सांगत नाही.

शेजाऱ्याचं शेत

निफाडमध्ये ई-लिलाव हा फक्त हिशेबाचा विषय नाही. अडचणीत आलेल्या नाशिक जिल्हा बँकेने गेल्या काही वर्षांत थकबाकीदार शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि जमिनी लिलावात काढल्या, त्याविरुद्ध आंदोलनं झाली, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. पण सहकारी बँका सहकार कायदा आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ खाली ती विकू शकतात. तिथली रीत वेगळी आहे. विक्रीनंतर ३० दिवसांत मूळ मालकाने देणं आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द करून मागता येते. शिवाय कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नाशिक-पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि नावावर शेत नसलेल्या मित्रांनी हे आधी वाचावं.

कायद्याच्या पलीकडे एक प्रश्न उरतो, तो मोबाइलवर दिसत नाही. ते शेत कुणाचं तरी असतं, बहुधा शिवारातल्याच माणसाचं. त्याच्या बांधावरून रोज जायचंय. काही जण म्हणतील, भावनेला लिलावात जागा नाही, बँकेत ठेवीही शेतकऱ्यांच्याच आहेत, वसुली झाली नाही तर त्यांचे पैसे कोण देणार? हे बरोबर आहे. ठेवीदारांनी हाल सोसलेत, मोठे थकबाकीदार मोकळे राहिले म्हणून त्यांनी किती दिवस थांबायचं?

म्हणून मी 'घेऊच नका' असं म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. लिलावात आलेली रक्कम कर्जातून वजा होते. कर्जापेक्षा जास्त आली, तर वरची रक्कम कर्जदाराला परत मिळायला हवी. कमी आली, तर उरलेलं कर्ज त्याच्याच डोक्यावर राहतं. म्हणजे तुमचं 'स्वस्तात मस्त' दुसऱ्याच्या वहीत थकबाकी म्हणून लिहिलं जातं. चार जणांनी संगनमत करून भाव पाडणं, 'तू इथे बोलू नको, मी तिथे बोलत नाही' असं ठरवणं, याला गावात हुशारी म्हणतात. कांद्याच्या आवारात व्यापाऱ्यांनी हेच केलं, तर आपण रस्त्यावर उतरतो. मग खरेदीदार झाल्यावर नियम बदलतो का?

मागणी दोन्हीकडे हवी

कुणी म्हणेल, इतकं तपासत बसलं तर नवखा माणूस बोलीच लावणार नाही, मालमत्ता पडून राहतील. मला उलट वाटतं. आज नवखे दोन प्रकारचे आहेत. एक रील बघून उडी मारतात आणि अनामत गमावतात. दुसरे ते पाहून कायमचे लांब राहतात. दोन्हीमुळे मैदान मोकळं राहतं ते रोजच्या दलालांना, आणि भाव पडलेला राहतो. माहिती उघड झाली तर सामान्य माणसं उतरतील, भाव सुधारेल, बँकेचं कर्जही जास्त वसूल होईल.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने सरकारी बँकांच्या लिलावांसाठी 'बँकनेट' हे एकत्र पोर्टल सुरू केलं. सगळ्या मालमत्ता एका जागी दिसणं चांगलंच. पण यादी म्हणजे माहिती नव्हे. प्रत्येक मालमत्तेसोबत ताब्याची स्थिती, सुरू असलेले दावे, वीज-घरपट्टीची थकबाकी, आधी किती वेळा लिलाव फसला आणि बँकेने कर्ज देताना घेतलेला मालकी हक्काचा अहवाल, एवढं मराठीत टाकायला बँकांना काय अडचण आहे? कागद कपाटात आहेत. इच्छा नाही.

ती येईपर्यंत तुमचं काम तुम्हालाच करावं लागणार. नोटीस मूळ संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात तपासा. कुणी अनामत वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर मागत असेल, तर तिथेच थांबा. नोटिशीत नाव असलेल्या अधिकृत अधिकाऱ्याला भेटून पाहणीची तारीख मागा. जागेवर जा, शेजाऱ्यांशी बोला. दहा हजार देऊन वकिलाकडून शोध घ्या. कागद नकोसा निघाला, तर ते दहा हजार वाया गेले नाहीत, पाच लाख वाचले. आणि पहिले दोन-तीन लिलाव बोली न लावता नुसते बघा.

मग आकडा लिहा आणि तिथपर्यंतच जा. पहिल्या चार-पाच वेळा बहुधा हराल. कुणीतरी तुमच्यापेक्षा दहा हजार जास्त देईल आणि दोन दिवस वाईट वाटेल. अनामत परत खात्यात आली की, पुढची नोटीस वाचायला घ्या.